वैशाखातली गोरसी

दूध छातीत तयार होतं, पण त्याचा हुकूम डोक्यातून सुटतो, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ज्या बायकांच्या घरी मी दिवसभर फिरत असे त्यांनाही नव्हतं. बाळंतिणीला दूध कमी आलं की सगळ्यांची बोटं तिच्या खाण्याकडे जात, नशिबाकडे जात, आणि शेवटी तिच्या मायेकडे जात. डोक्याकडे कुणाचंच बोट जात नसे.

मी आशाताई होते. हे माझं नाव नव्हे, कामाचं नाव. पण तुमसरजवळच्या चिखल्यात मला सगळे इतकी वर्षं आशाबाई म्हणत आले की रेशनच्या दुकानात कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर मीच मागे वळून बघत असे, ही कोण बाई. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मीही दिला. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं तेव्हा पहिल्यांदा भीतीच वाटली. माझं शिक्षण आठवीपर्यंत. आमचं गाव देवगडाकडे, खाडीकाठी. पुढचे वर्ग खाडीपलीकडे होते आणि पावसाळ्यात होडी बंद, म्हणून शाळाही बंद. त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला इथे मँगनीज वाहणाऱ्या ट्रकवर काम मिळालं म्हणून मी आले. तेव्हा भंडाऱ्याचे दोन जिल्हे नुकतेच झाले होते. लोक गोंदियाकडच्या नातेवाइकांना ‘तुमी आता परजिल्ह्यातले’ म्हणून चिडवत. मी तर पार समुद्राकाठची. धान इथेही आणि तिकडेही, एवढीच काय ती ओळख. भाषा कळत नसे. काळी धूळ उंबऱ्यात साचलेली असे आणि खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरच्या वाट्या हलत. पहिल्यांदा हलल्या तेव्हा मी घराबाहेर पळाले होते. समोरच्या घरातली बाई पोट धरून हसली. ती गयाबाई.

माझं पहिलं बाळंतपण इथेच झालं, चैत्रात. आईला तिकडून येणं जमलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर बघते तर गयाबाई माझ्या खाटेखाली निखाऱ्यांनी भरलेली गोरसी सरकवतेय. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. बाळंतिणीच्या अंगात वारा शिरू नये म्हणून खाटेखाली ती सव्वा महिना ठेवायची, हा इथला रिवाज. बाहेर ऊन पत्रे तापवत होतं आणि मी वरून खालून भाजत होते. दुसऱ्या दिवशी मी ती पायानं ढकलून दिली. गयाबाईनं परत आत सरकवली. “कोकनवाली,” ती म्हणाली, “तुह्या माहेरी त बाराही मयने घाम. मंग काहून रडतं?” मी घामानं आणि आईच्या आठवणीनं एकत्रच रडत होते. पण ती बाई दोन वेळा माझं बाळ न्हाऊ घालायची आणि मला सुंठ घातलेला गरम भात आणून द्यायची. त्या उपकारांची फेड होत नाही, आणि मी करायलाही गेले नाही.

पुढे कामाला लागल्यावर कितीतरी बाळंतिणी पाहिल्या. प्रत्येकीचं गोरसीशी भांडण. ‘ताई, सासूले सांगा न, जरा कमी करा म्हना’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं की ते मला बाळंतपणाचंच एक लक्षण वाटायला लागलं.

आता कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दूध कमी म्हणून ज्या बायका घाबरतात, त्यांतल्या बहुतेकींना दूध पुरेसं असतं. बाळ नीट धरत नाही, आई वाकडी बसते, कुणीतरी मधाचं बोट चाटवलेलं असतं, नाहीतर बाळ नुसतंच रडकं असतं. बसायला शिकवायचं, बाळाचं तोंड मोठं उघडून लावायचं, सारखं सारखं पाजायचं आणि पाणी प्यायला सांगायचं. इतक्यानं काम होतं. अळीव, मेथ्या, खसखस, डिंकाचे लाडू हेही चालतं, आईला ताकद येते आणि सासूला समाधान. पण काही मोजक्या जणी अशा असतात की त्यांच्या अंगातला हुकूमच चुकलेला असतो. त्यांना लाडूंचा डबा संपवला तरी काही होत नाही.

अशी पहिली मी पाहिली ती खाणीच्या वसाहतीतली एक पहिलटकरीण. पाचवा दिवस उलटला तरी छाती मऊच. बाळ छान ओढत होतं, आई नीट बसत होती. पण अंगावरून जास्त जात होतं आणि कणकण होती. मी घाबरून तिला तुमसरच्या दवाखान्यात नेलं. तपासल्यावर कळलं की वारेचा एक तुकडा आत राहिला होता, नखाएवढा. तो काढला आणि दुसऱ्या दिवशी तिचं पोलकं ओलं झालं. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वार आत आहे तोवर शरीराला वाटतं की बाळ अजून पोटातच आहे, मग दूध कशाला सोडायचं? परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. बाळ मांडीवर रडतंय, सगळं घर ते ऐकतंय, आणि शरीर एका नखाएवढ्या तुकड्यावर विश्वास ठेवून वाट बघतंय.

तेव्हा मला वाटलं, याहून मोठं नवल काय बघायचं राहिलं? मग गयाबाईची सून बाळंत झाली.

करुणा तिचं नाव. पवनीकडच्या कोंढ्याची, वयानं विशीची, बोलायला कमी. मुलगा झाला, सम्यक. पण तो पौषातल्या थंडीत गाडीतच, दवाखान्याच्या वाटेवर झाला, आणि मागून करुणाच्या अंगावरून इतकं गेलं की भंडाऱ्याला नेऊन रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. ती वाचली. गयाबाईनं बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या आणि मला म्हणाली की आता काही मागायचं राहिलं नाही.

पण दूध आलं नाही. कमी आलं असं नाही, आलंच नाही. मी बसवून पाहिलं, बाळ लावून पाहिलं, दिवसातून दोनदा जाऊन पाहिलं. नर्सताईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, रक्त फार गेलंय, अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. सम्यकला वाटी-चमच्यानं वरचं दूध सुरू केलं. बाटली मी घरात येऊ दिली नाही. वजनाच्या झोळीत त्याला घातलं की माझी नजर काट्यावर. काटा जरा वर सरकला की मी स्वतःच पाणी प्यायचे.

बाळ रडायला लागलं की करुणा त्याला छातीशी धरायची, ते ओढून ओढून चिडायचं, मग गयाबाई त्याला उचलून आपल्या पदराखाली घ्यायची. नुसतं चूप करायला. तिचा धाकटा तेव्हा शाळेत जात होता, म्हणजे तिचं दूध आटून वर्षं झाली होती. असे काही आठवडे गेले. एका दुपारी ती माझ्या मागच्या दारानं आली. पुढचं दार ती कधी चुकवायची नाही, म्हणून मी दचकले. पदर घट्ट लपेटून उभी.

“कोकनवाली, कोनाले सांगू नोको. मले काही रोग झाला काय, पाह्य.”

मी पाहिलं. तिच्या पोलक्यावर दुधाचा ओला डाग होता.

आजीला दूध आलं होतं. मी हात जोडले की काय केलं ते आठवत नाही, पण गयाबाई म्हणाली, “अवो, हात काय जोडतं, औषध सांग.” नर्सताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की असं होतं, क्वचित होतं, बाळानं सारखं ओढलं की आटलेलं दूधही परत येतं. पुरेसं येईलच असं नाही, वाटी-चमचा चालू ठेवा. गयाबाईला रोग नव्हता. तिला लाज मात्र फार वाटली. या वयात, घरात सून असताना.

बातमी लपली नाही. गयाबाईची जाऊ कौसल्याबाई भिंतीला भिंत लावून राहायची. तिच्या कानाला भिंत म्हणजे पडदा. तिनं पाण्याच्या बोरिंगवर सगळ्यांसमोर म्हटलं, “सासूले दूध सुटते अन् सुनेले नाही. मायाच नाही तिच्या पोटात, त दूध कोठून येईन?”

आग लागल्यासारखं ते वाक्य घरोघर गेलं. आजीच्या दुधाचं जे नवल होतं, तेच करुणावर दगड होऊन पडलं. तोवर लोक म्हणत होते अशक्त आहे बिचारी. आता म्हणू लागले, बाळ धड आहे, दूध ओढतंय, म्हातारीलाही दूध आणलं, मग हिचंच काय? आणि करुणाचं वागणंही लोकांना तसंच दिसत होतं. उठायला नको, बोलायला नको, बाळ रडलं तरी नजर भिंतीवर. केस विंचरताना हातात गुंतवळ यायची. कितीही झोपली तरी तिची झोप संपत नसे. चैत्र लागला, तो सरला. शेवटी घरातल्या थोरल्यांनी ठरवलं की बुद्धपौर्णिमेला तिच्या वडलांना बोलवायचं आणि तिला काही दिवस कोंढ्याला धाडायचं. बाळ आजीच्या दुधावर आहे, म्हणून बाळ इथेच राहील. काही दिवस म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही, तिच्या नवऱ्यानंही नाही. करुणानं विचारलंही नाही. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मला तो पत्र्याखालचा चैत्र आठवला, आईची वाट बघतानाचा.

गयाबाई या सगळ्यात कुठे होती? मधे. सुनेविरुद्ध ती शब्द बोलली नाही, पण थोरल्यांपुढेही बोलली नाही. मी तिला म्हटलं, धाडायच्या आधी एकदा मॅडमना दाखवू. ती म्हणाली, अशक्तपणाचं काय दाखवायचं? मी म्हटलं, मला भीती वाटते. ती हसून म्हणाली की तुला सुरुंगाचीही वाटत होती. पण आली.

वैशाख लागताच भर उन्हात आम्ही तिघी आणि सम्यक तुमसरच्या जीपमध्ये बसलो. जीपमधले लोक ओले रुमाल डोक्यावर घेऊन बसलेले, आणि करुणा चादर पांघरून. दवाखान्यात मॅडमनी विचारायला सुरुवात केली. करुणा हो-नाहीपलीकडे बोलेना. मी बोलायला गेले की माझे शब्द अडकत. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. मॅडमनी रक्ताची गोळी लिहायला घेतली. तेव्हा गयाबाईला वाटलं असावं की या बाई आपल्या सुनेला आळशी समजतील. ती पुढे सरकली आणि सुनेची बाजू घ्यायला लागली.

“मॅडम, पोरगी गुनाची हाय जी. दुसऱ्या पोरी गोरसीले कंटाळते, पायानं ढकलते. ही बाळंत झाल्यापासून एक दिवस नाही म्हनली नाही. सव्वा मयना झाला, मी काढून घेतली, त हिनंच परत मांगतली. अजूनबी खाटेखाली हाय. इतक्या उनात कोन आयकते सासूचं?”

मॅडमचं पेन थांबलं.

“अजून शेगडी लावते? आता, या महिन्यात?”

“हो जी. निखारे कमी झाले त मले उठवते.” गयाबाईच्या आवाजात अभिमान होता.

मॅडमनी करुणाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, घाम येतो का? करुणानं विचार केला. म्हणाली, आठवत नाही. मग त्यांनी तिला आडोशाला नेऊन काही विचारलं, रक्तदाब बसून आणि उभं करून मोजला, आणि परत येऊन मला म्हणाल्या, “आशाताई, बाळंतपणात रक्त किती गेलं होतं, नीट आठवून सांगा.” तेवढं मला सांगता आलं.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे, लाखोळीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. पुस्तकात तिला पीयूषिका म्हणतात. मॅडम वाटाण्याएवढी म्हणाल्या होत्या, पण आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, मागून लाखोळी पेरतात, म्हणून मी तीच धरली. बाळानं छाती ओढली की खबर वर जाते आणि तो दाणा दुधाचा हुकूम खाली सोडतो. गयाबाईला दूध आलं ते तिच्या दाण्यानं खबर ऐकली म्हणून. नुसता दुधाचाच हुकूम नाही. अंगात ऊब किती ठेवायची, रक्ताचा जोर किती, पाळी कधी, केस उगवायचे की गळू द्यायचे, पहाटे अंथरुणातून उठायचं बळ कुठून आणायचं, हे सगळे हुकूम तिथून. गर्भारपणात हा दाणा फुगतो, आणि त्याला जास्त रक्त लागतं. नेमकं तेव्हाच फार रक्त गेलं तर तो उपाशी पडून मरतो. मग अंगात सगळं जागेवर असतं, दुधाच्या पेशी असतात, पण हुकूम येत नाही. थायरॉइड बिघडली तरी दूध कमी होतं, इतरही कारणं असतात. पण हे दुर्मीळ आणि हे वाईट. असंच ठेवलं तर एखाद्या साध्या तापात, जुलाबात ही पोरगी जाऊ शकते, मॅडम शांतपणे म्हणाल्या.

म्हणजे आम्ही तिला कोंढ्याला धाडणार होतो ते मरायला.

खोलीत पंखा फिरत होता. करुणा बोटं चादरीत घेऊन बसलेली. मी तिच्या कपाळाकडे बघत होते. त्या कपाळामागे कुठेतरी एक दाणा वाळून गेला होता आणि आम्ही चार महिने तिच्या पोटातली माया मोजत होतो. मग गयाबाईनं विचारलं, “म्हनजे धान गर्भावर असतानी पानी तुटलं, तसं झालं म्हना?”

मॅडम शेतकऱ्याच्या घरच्या असाव्यात. त्या म्हणाल्या, “अगदी तसंच.”

“मंग धानाचा काय दोष, जी,” गयाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

नागपूरला पाठवलेल्या रक्तानं मॅडमचं म्हणणं खरं केलं. मोठ्या दवाखान्यात जाऊन गोळ्या सुरू झाल्या. आधी एक, काही दिवसांनी दुसरी. तो क्रम उलटायचा नाही, आणि गोळ्या कधीच बंद करायच्या नाहीत, ताप आला तर धावत यायचं. जो हुकूम आतून येत नाही तो आता बाहेरून द्यायचा. मला वाटलं होतं, दूधही येईल. मॅडमनी मान हलवली. त्या हुकमाची गोळी नाही.

बुद्धपौर्णिमेला करुणाचे वडील आले. हातात रिकामी पिशवी, लेकीचे कपडे न्यायला आणलेली. थोरले ओट्यावर बसले होते. पंचशील झालं, खीर वाटून झाली. मग गयाबाई आतून आली आणि सगळ्यांच्या देखत व्याह्यांसमोर उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण थोरल्यांपुढे तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“इवाईजी, पोरगी कोठी जात नाही. तिच्या धानाचं पानी तुटलं होतं, आमाले समजलं नाही. पिशवीत खीर घेऊन जा.”

करुणाच्या वडलांनी पिशवीची घडी केली आणि ती मांडीखाली घेऊन बसले. खीर मात्र दोनदा घेतली.

त्या मॅडमची नंतर बदली झाली. त्यांना मी कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, याची रुखरुख आहे. दरवेळी ठरवायचे, आणि त्यांच्यासमोर गेलं की पदराचं टोक पिळत राहायचे. दुसरी रुखरुख दुधाची. सम्यक वाढला तो वाटी-चमच्यावर आणि थोडा आजीच्या दुधावर. करुणा त्याला तरीही छातीशी घ्यायची, दुधासाठी नाही, नुसतं. मी एरवी सगळ्यांना सांगत असे की प्रत्येक आईला दूध असतंच. त्यानंतर ‘बहुतेक’ म्हणायला लागले. एक शब्द वाढला, पण त्या एका शब्दात कुणीतरी बसू शकतं.

ज्येष्ठातली एक संध्याकाळ सांगते आणि थांबते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, चालू होता, भिंतींना हात लावला तर चटका बसे. मी गोळ्या वेळेवर चालल्यात का बघायला गेले होते. करुणा अंगणात खाटेवर बसून सम्यकला भाताची पेज भरवत होती, आणि तो ती तिच्याच पोलक्यावर परत पाठवत होता. गयाबाई सवयीनं गोरसी घेऊन आली आणि खाटेखाली सरकवायला वाकली.

“आई,” करुणा म्हणाली, “राहू द्या न ते. गरम होऊन राहिलं.”

गयाबाई वाकलेली तशीच राहिली. मग गोरसी खाली ठेवून तिनं सुनेच्या मानेमागे हात फिरवला आणि हात माझ्यापुढे धरला. बोटं ओली होती. मी समुद्राकाठची, जन्मभर घामाला शिव्या दिलेली. त्या बोटांकडे मी देवाचं तीर्थ बघावं तशी बघत राहिले.

गयाबाईनं निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. वाफेतूनच ती भिंतीकडे वळली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

“कौसल्या, तुहा कूलर इकडे दे वो. माह्या सुनेले गरम होऊन राहिलं.”